बगळ्याच्या डोंगराची वाट

माझा कागद मी स्वतःच घोटतो. अंजिराच्या सालीचा असतो. वर चुन्याचा हात नीट बसला नाही तर रंग फुटतो, आणि मग लोक म्हणतात, चिमाल चितारी म्हातारा झाला. म्हणोत बापडे.

त्या सकाळी गावचे मुखिया तोरिबिओ अंगणात आले.

"एका स्पॅनिश साहेबाला गुरांसाठी ओसाड रान हवंय. उद्या न्यायाधीश येतोय. नकाशा कर. वस्ती असेल तिथल्या वाटेवर पावलं काढ. ओस असेल तिथं नको."

"आणि अस्तातेपेकची वाट?"

"तिथं कोण उरलंय रे, चिमाल?"

कोणी नाही. चार वर्षांपूर्वी साथ आली आणि तीन आठवड्यांत गाव संपलं. माझी एकुलती एक लेक, सेंतेवा, तिथं दिली होती. पाद्र्याला न कळवता, आमच्या जुन्या रीतीनं, तिला घरातच चुलीजवळ पुरलंय. रान साहेबाला गेलं की तिच्या अंगावरून गुरं फिरणार. पण खोटा नकाशा मी जन्मात केला नाही.

डोंगर काढला, माथ्यावर बगळा. एवढं पाहिलं की आमच्यात कुणीही वाचतं, अस्तातेपेक. तिथून आमच्या गावापर्यंत वाट ओढली आणि कोरी ठेवली. बापानं लेकीचं गाव स्वतःच्या हातानं ओस ठरवलं. हात झडला कसा नाही!

जेवून आलो तर वाटेवर एक पाऊल. डोंगरापाशी, आमच्याकडे तोंड केलेलं. म्हटलं, वय झालं, सवयीनं काढलं असेल. सुरीनं खरवडलं, चुना लावला. कुंचला धुऊन वळतो तोवर तीन.

पुन्हा खरवडलं. सात.

बायकोला हाक मारली. पापान आली, वाकून बघत राहिली.

"अहो, हे आपल्या पोरीचं पाऊल. डावी करंगळी बघा, आत वळलेली."

"वेड लागलंय तुला."

"आणि ही बारकी कुणाची?"

ती मी पाहिलीच नव्हती. मोठ्या पावलांच्या कडेकडेनं, तिळाएवढी.

पापाननं त्या बारक्या पावलावर हलकेच बोट ठेवलं. "तिला दिवस गेले होते. सणाला येऊन तुम्हाला स्वतः सांगणार होती, म्हणून मी बोलले नाही. मग साथ आली..."

मी सुरी ठेवून दिली. चार वर्षं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. त्या दुपारी अंगणात बसून पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी चावडीत न्यायाधीशानं काठी बगळ्यावर टेकवली. दुभाष्यानं विचारलं, "वस्ती आहे?"

तोरिबिओ माझ्याकडे बघत होते.

"आहे."

"किती माणसं?"

"दोघं."

न्यायाधीशानं लिहून घेतलं. साहेब धुसफुसत उठून गेला.

कागद गुंडाळताना मी वाटेवरून बोट फिरवलं. पावलं आता आमच्या वेशीपर्यंत आली होती. बारकी पावलं डोंगरापाशी तिळाएवढी होती. वेशीशी येईतो ती सेंतेवाच्या पावलाच्या निम्मी झाली होती.

चार वर्षांत वाढावीत तेवढीच.