सहदेव 'व्हय' म्हणाला नाही

सन १९५४. अंधेरीत 'खाजगी तपास' अशी पाटी लावलेल्या खोलीत नीला आली, तेव्हा विद्याधर पेन्सिलीला टोक काढत होता आणि त्याचा जाडजूड दोस्त श्यामसुंदर तिसरा वडा खात होता. चौथाच असेल, पण माणसाची अब्रू राखावी.

"माझ्या भावाला, सहदेवदादाला, वाळीत टाकलंय," नीला म्हणाली. "रविवारी माझं लग्न. मुलगा आमच्याच चाळीतला. सासूबाई म्हणतात, वाळीतल्या घरची मुलगी नको."

जोगेश्वरीच्या त्या चाळीत सगळे एकाच कोकणी गावचे. देवीचा चांदीचा मुखवटा पेटीतून गेला होता; कुलूप शाबूत. किल्ली हाताळणारे तिघे: मानकरी अण्णा, चिटणीस बाळा आणि सहदेव.

"सोमवारी अण्णांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. 'जेणी मुखवटो नेलो, तेचो वंश बुडव!' सगळे ओरडले, 'व्हय म्हाराजा!' दादा गप्प. म्हणून तोच चोर."

"गाऱ्हाणं नेहमीसारखंच?" विद्याधरने विचारलं.

"हो. अण्णांच्या पायात तेवढ्या वहाणा होत्या. पायात काच गेली म्हणाले. मानकऱ्याला कोण बोलणार?"

दुपारी दोघे चाळीत पोचले. सहदेव जिन्यात एकटाच बसला होता.

"होकार का नाही दिलास?" विद्याधरने विचारलं.

"चोर झाला तरी आपलाच ना? त्याच्या पोरांनी काय केलंय? जीभ उचलेना."

"अडकला हा!" श्यामसुंदर कुजबुजला.

मंडळाच्या खोलीत शिरताना बाळा खेकसला, "बूट काढा! बुटांनिशी बोललेलं देव ऐकत नाही."

"मुखवटा तू नेलास?"

"मी नेला असेल तर माझा वंश बुडो! बास?"

"सहदेवला वाळीत कधी टाकलं?"

"मंगळवारी सकाळी, रीतसर. अण्णा अनवाणी, हातात नारळ, तासभर उन्हात उभे. मानकऱ्यानं वाळीत टाकलेलं मानकऱ्यानंच सोडवायचं."

अण्णांच्या खोलीत त्यांचा मुलगा माणिक खोकत पडला होता.

"क्षय," अण्णा म्हणाले. "एकुलता एक. हल्ली इंजेक्शनं लागू पडतायत."

"तुमचा पाय कसा आहे?"

"पाय? पायाक काय झाला?" अण्णांनी पायाकडे पाहिलं. "हां, हां. बरो आसा."

संध्याकाळी विद्याधरने सगळ्यांना चौकात जमवलं.

"श्याम, देवापुढे वहाणा घालून कोण उभं राहील?"

"ज्याला काच लागली तो."

"आणि दुसऱ्याच सकाळी तासभर अनवाणी? काच लागलीच नव्हती. लागली असं सांगितलेलंही ते विसरलेत. अण्णांना शाप उच्चारायचा होता, पण तो लागू द्यायचा नव्हता. चोर बाळा असता, सहदेव असता, तर अण्णांना कसली भीती? शाप वाया जावा असं चोरालाच वाटतं. अण्णा, आता अनवाणी आहात. तेच पुन्हा म्हणा."

वर माणिक खोकला. अण्णांनी तिकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत.

"मुखवटो वितळवून विकलो," शेवटी ते म्हणाले. "इंजेक्शनां झाली तेची."

"सुटला सहदेव!" श्यामसुंदरने टाळी वाजवली. एकट्यानेच.

अण्णांनी नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा, सहदेवाक पदरात घे..."

कुणीच 'व्हय' म्हणेना.

"म्हणा की!" विद्याधर म्हणाला.

"चोराच्या तोंडचं गाऱ्हाणं?" बाळा म्हणाला. "ते चालत नाही."

"मग दुसऱ्याला मानकरी करा."

"मान त्यांच्या घराण्याचा. अण्णांमागे माणिक. दुसरं कोणी नाही."

नीलाची होणारी सासू जानकी पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "तुझो भाऊस चोर नाय गो, माका पटला. पण वाळीत आसा तो आसाच." आणि ती मुलाला घेऊन वर गेली.

चौक रिकामा झाला. नीला विद्याधरसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही हे अण्णांना एकटं गाठून सांगितलं असतंत तर? त्यांनी काही निमित्त काढून दादाला सोडवलं असतं. सगळे 'व्हय' म्हणाले असते."