पट्ट्यावरची जाळी

गिरिजाबाई आजवर कुणाच्या दारात काम घेऊन गेल्या नव्हत्या. त्या शुक्रवारी सकाळी मात्र त्यांची बैलगाडी रेवणसिद्ध हत्तरगे यांच्या घरासमोर थांबली. मुरुम गावातल्या एकुलत्या एका जिनिंग कारखान्याच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, त्या मालकीण होत्या.

रेवणसिद्ध निजामाच्या पोलीसखात्यात जमादार होते. वरिष्ठांनी सांगितलेला खोटा पंचनामा लिहायला त्यांनी नकार दिला आणि राजीनामा देऊन ते गावी परतले. तेव्हापासून अडलेली माणसं त्यांच्याकडे तपासासाठी येत. गाव त्यांना आप्पा म्हणे. त्यांचे मित्र, शाळेतले बब्रुवान मास्तर, तेव्हा ओट्यावरच बसले होते.

"आप्पा, काल दुपारी कारखान्यात धुरपताबाईचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला," गिरिजाबाई म्हणाल्या. "दोन बोटं गेली."

"पण तुम्ही तर जाळ्या बसवल्या होत्या ना?" मास्तरांनी विचारलं.

"कारखान्यांचा नवा कायदा आल्यावर या भागात सगळ्यात आधी मी बसवल्या. फिरत्या पट्ट्याला जाळी, कामाचे तास कमी, रविवारी सुट्टी. सगळं पंधरा दिवसांत केलं. लोक हसले. पहिल्या आठवड्यात रुईचे बोजे घटले, तेव्हा तर जास्तच हसले. पण या सोमवारपासून बोजे पुन्हा पहिल्याइतके निघायला लागले." क्षणभर त्यांची मान ताठ झाली. "आणि काल हे घडलं."

"जाळी कुठं होती?"

"खाली पडलेली. शेजारी एक पाना. माझे दीर शरणबसप्पा कारखान्याचा कारभार बघतात. ते म्हणतात, धुरपतानंच नट सोडून जाळी काढली. धुरपता म्हणते, नाही."

"कायदा काय म्हणतो?"

"कामगारानं स्वतः जाळी काढली तर कसूर त्याची, आणि त्याला कामावरून काढायचं. कारखान्याच्या हुकमानं निघाली तर परवाना जाऊ शकतो. उद्या हैदराबादेहून इन्स्पेक्टर येणार आहेत."

आप्पांनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "धुरपताबाई खोटी ठरली तर तुम्ही सुटता. खरी ठरली तर तुमच्या अंगावर येतं."

"येऊ द्या," गिरिजाबाई म्हणाल्या. "साठ बायका माझ्या शब्दावर तिथं हात चालवतात. मला खरं काय ते पाहिजे."

आप्पा उठले आणि त्यांनी पटका बांधला.

कारखान्याला कुलूप होतं, किल्ली गिरिजाबाईंच्या कमरेला. आत रुईच्या कणांचा पांढरा थर सगळ्या वस्तूंवर बसला होता. वर इंजिनानं फिरणारा लांब लोखंडी शाफ्ट, त्यावर पुल्यांची चाकं. प्रत्येक पुलीवरून एक पट्टा खाली येऊन सरकी वेगळी करणारा रेचा फिरवी. या पुल्या बाईमाणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, म्हणून प्रत्येकीला जाळी. धुरपताबाईचा तिसरा रेचा सगळ्यांत मोठा, अर्धा माल त्यावरच निघे.

जाळी जमिनीवर पडली होती. आप्पांनी ती उलटी केली. आतल्या बाजूला ताजा, चकचकीत, धनुष्यासारखा वाकडा ओरखडा होता. मग त्यांनी चौकटीतून पुढं आलेले चार बोल्ट बघितले. त्यांच्या आट्यांत रुई गच्च भरून बसली होती.

"नट कुठं आहेत?"

खूप शोधूनही एकही नट सापडला नाही. आप्पांनी पडलेला पाना उचलून बोल्टावर धरला, मान हलवली आणि खाली ठेवला. शेवटी ते पट्ट्यावरून हात फिरवत गेले. जुन्या काळपट कातड्यात एक वीतभर तुकडा नवाकोरा, पिवळसर होता.

"पट्टा कुठंतरी तुटला असेल, जोडलाय," मास्तर म्हणाले.

"असेल," आप्पा म्हणाले. "काल अपघातानंतर इथं कोण कोण होतं, अक्का?"

"बायका धुरपताला उचलून बाहेर गेल्या. इंजिनवाल्या भीमाशंकरनं इंजिन बंद केलं आणि तसाच धावत जाऊन गाडी जुंपली. त्यानंच तिला दवाखान्यात नेलं. मी आले तेव्हा शरणबसप्पा एकटे दारात उभे होते. पाना तेव्हा तिथंच पडला होता. मग मी कुलूप लावलं."

दवाखान्यात धुरपताबाई खाटेवर बसली होती. हाताला जाड पट्टी. शेजारच्या रेच्यावर काम करणारी इरम्मा तिला पेज पाजत होती.

"म्या जाळीला हात लावला न्हाय, आप्पा," धुरपताबाई म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. "जाळी आपोआप माज्याकडं कलली. म्या धरायला गेले अन् हात आत गेला. बोटं गेली त्याचं सोसंन म्या. पर आठ वर्सं काम केलं, अन् आता चोरून जाळी काढली म्हन्त्यात, ते न्हाय सोसायची."

"सकाळी जाळी जागेवर होती?"

"व्हती की," इरम्मा म्हणाली. "पर सोमवारपासून लई खडखडायची. अन् हिचा रेचा, अय्यो, काय पळायचा! कापूस लावस्तवर गिळून टाकायचा. आमी म्हन्लं, तेल नवं घातलं असंल."

"तुमच्यापैकी कुणाला पाना वापरता येतो?"

"पाने इंजिनखोलीत असत्यात," धुरपताबाई म्हणाली. "आमाला तिकडं जायची बंदी हाय."

भीमाशंकर इंजिनखोलीच्या पायरीवर बसला होता. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, पण त्याची नजर वर येत नव्हती.

"पाना तुझाच?"

"माझाच. पण खुंटीवरून कुणी नेला, माहीत नाही."

"पट्टा कधी जोडला?"

त्यानं पायरीवरची चिंधी उचलून हात पुसले. मग हळूच म्हणाला, "रविवारी. सुट्टी होती म्हणून."

"का जोडला?"

"आप्पा, मला पोरंबाळं आहेत. ज्यानं सांगितलं त्यालाच विचारा."

बाहेर आल्यावर मास्तर उसळले. "हाच! पाना याचा, पट्टा यानं जोडला, आणि तोंड उघडत नाही. आणखी काय पाहिजे?"

"मास्तर, या माणसानं डोळे मिटून पाना उचलला तरी तो योग्य तोच उचलेल," आप्पा म्हणाले आणि कचेरीकडं वळले.

शरणबसप्पांनी त्यांना आदरानं बसवलं. अंगावर स्वच्छ धोतर, हातात दऊत-टाक. यंत्राच्या तेलाचा डाग कुठं नव्हता.

"आप्पा, हा कायदा हैदराबादेत बसून लिहिला," ते म्हणाले. "तास कमी करा, सुट्टी द्या. मग माल कुठून काढायचा? तरी मी काढून दाखवला. बायका मन लावून काम करायला लागल्या."

"आणि धुरपताबाई?"

"कापूस अडकला असेल. तिनं जेवणाच्या सुट्टीत पान्यानं चारही नट काढले, जाळी बाजूला केली. इंजिन सुरू झालं आणि हात गेला. वाईट झालं, पण चूक तिचीच."

"दुपारी चार वाजता सगळ्यांना कारखान्यात बोलवा," आप्पा म्हणाले.

चारला बायका भिंतीकडेनं उभ्या राहिल्या. इरम्माचा आधार घेऊन धुरपताबाईही आली होती. गिरिजाबाई, शरणबसप्पा आणि भीमाशंकर पुढं होते.

"शरणबसप्पा," आप्पा म्हणाले, "ही जाळी पुन्हा जागेवर बसवा."

"मी?"

"चार माणसं घ्या मदतीला."

हमालांनी जाळी उचलली, पुलीवर लावली, दाबली. ती बसेना. वाकडी धरली, खालून सरकवली, तरी बोल्ट भोकांपर्यंत पोचेनात. जाळी पुलीवर टेकून चौकटीपासून चार बोटं लांबच राहिली. बायकांत कुजबूज झाली.

"जी जाळी या जागेवर बसतच नाही, ती धुरपताबाई काढणार कशी?" आप्पांनी विचारलं. "पंधरा दिवसांपूर्वी ती बसत होती. म्हणजे जाळी तीच आहे, पुली बदलली आहे. आधीपेक्षा मोठी घातली आहे."

"मोठी कशाला?" मास्तर म्हणाले.

"वरची पुली मोठी, की खालचा रेचा जोरात पळतो. कमी तासांत जुन्याइतकाच माल निघतो. सोमवारपासून बोजे वाढले, सोमवारपासून रेचा कापूस गिळायला लागला. मोठ्या पुलीला जुना पट्टा पुरेना, म्हणून रविवारी त्यात वीतभर नवं कातडं जोडलं. जाळी बसेना, तेव्हा ती नुसतीच टेकवून ठेवली. पुली तिला आतून घासत होती, म्हणून ती खडखडायची आणि म्हणून तिच्यावर ओरखडा आहे. चार दिवस नट नव्हतेच, म्हणून बोल्टाच्या आट्यांत रुई भरली. कालच्या दुपारी नट काढले असते तर आटे स्वच्छ असते."

"मग भीमाशंकरनंच केलं!" मास्तर म्हणाले.

"पुली त्यानंच बदलली. पण पाना त्यानं टाकला नाही. तो पाना नुसत्या बोल्टालाही लहान पडतो, मग त्याहून मोठ्या नटावर बसणार कसा? इंजिनवाला अशी चूक करणार नाही. शिवाय तो गाडीवर होता. यंत्राला कधी हात न लावलेल्या माणसानं खुंटीवरचा हाताला आला तो पाना उचलून इथं टाकला. आणि बायका गेल्यापासून कुलूप लागेपर्यंत इथं एकच माणूस होता."

सगळ्यांच्या नजरा शरणबसप्पांकडं वळल्या.

भीमाशंकर पुढं आला. "मला सांगितलं, मालकीणबाईंचा हुकूम आहे. जाळी मोठी करून आणतो म्हणाले. मी विश्वास ठेवला. काल बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. माझी चूक आहे."

शरणबसप्पांचा चेहरा उतरला होता. "वहिनी, बाजारात लोक म्हणत होते, बाईनं कायदा पाळला आणि नवऱ्याचा कारखाना बुडवला. मला त्यांची तोंडं बंद करायची होती. दोन दिवसांत मोठी जाळी येणार होती."

"आणि पाना?" गिरिजाबाईंनी विचारलं.

शरणबसप्पांनी वाकून तो पाना उचलला आणि भीमाशंकरच्या हातात दिला.

गिरिजाबाई धुरपताबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धुरपता, तू जाळी काढली नाहीस. तुझ्यावर खोटा आळ घेतला तो माझ्या कारखान्यानं. बोजे वाढले म्हणून मी फुगून गेले, कसे वाढले ते बघायला आले नाही. हे उद्या मी इन्स्पेक्टरांपुढं लिहून देणार."

"अक्का, परवाना जाईल!" शरणबसप्पांऐवजी मास्तरच ओरडले.

"गेला तर मान ताठ ठेवून जाईल."

धुरपताबाईनं पदर सावरला. "अक्का, एवढंच पाहिजे हुतं मला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी तो जबाब दोनदा वाचला. मालकानं स्वतःविरुद्ध लिहिलेला कागद त्यांनी याआधी पाहिला नव्हता. परवाना गेला नाही. जुनी पुली बसेपर्यंत कारखाना बंद ठेवण्याचा हुकूम झाला, आणि शरणबसप्पांना कारभारावरून दूर व्हावं लागलं.

कारखाना नवव्या दिवशी उघडला. आता एक नवं काम निघालं होतं: रोज सकाळी प्रत्येक जाळी हलवून बघायची, आणि खात्री पटल्यावरच इंजिनवाल्याला इशारा द्यायचा. गिरिजाबाईंनी ते धुरपताबाईला दिलं होतं.

ती एकेका रेच्यापाशी थांबत गेली. साठ बायका, हमाल आणि खुद्द मालकीणबाई तिची वाट बघत होत्या. शेवटची जाळी तपासून ती दाराशी आली, भीमाशंकरकडं वळली आणि तिनं तीन बोटांचा उजवा हात उंच केला.

मगच इंजिन सुरू झालं.