धाकूचा इम्पेलर

बोटीचं इंजिन सुरू झालं की धोंडिराम मेकॅनिक आधी तापमानाच्या काट्याकडे बघत नसे. बाहेरच्या अंगाला वाकून तो पाणी सोडणाऱ्या नळीखाली तळहात धरी. पंप समुद्राचं पाणी ओढतो, ते इंजिनात फिरणाऱ्या गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि पुन्हा समुद्रात पडतं. हाताला कोमट धार लागली की इंजिन ठणठणीत. धार तुटली की थोड्याच वेळात इंजिन जाम. सारा खेळ पंपातल्या इम्पेलरवर, म्हणजे मुठीएवढ्या रबरी पात्यांच्या चक्रावर.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्सोव्याच्या कोळीवाड्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. मग मढच्या पुढे खोल पाण्यात धाकूच्या बोटीचं इंजिन तापून जाम झालं आणि बोट भरकटली. बोट सापडली, धाकू सापडला नाही. धाकूचा धाकटा भाऊ निलेश धोंडिरामच्या ताटात जेवलेला. त्यानेच वाडाभर सांगितलं की धोंडीने जुना इम्पेलर बसवला होता. आठवड्याभरात बोट भंगारात गेली, पंप कोणी उघडून पाहिला नाही. धोंडिरामने नवाच बसवला होता. पण रोज उठून तेच ऐकलं की माणूस स्वतःच्या आठवणीवरही संशय घेऊ लागतो. कामं सुटली, झोप उडाली.

आणि आता त्याच निलेशचा फोन. इंजिन तापतंय, चार मेकॅनिकनी हात टेकले, तू एकदा बघ, म्हणाला.

दुपारची भरती होती. निलेशची बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन चालू, धार सरळ पडत होती. निलेशने बोटीच्या फळीवर पाय ठेवला आणि धार थांबली. काटा चढू लागला. तो धक्क्यावर परतला तशी धार सुरू झाली. धोंडिरामने त्याला चारदा चढ-उतर करायला लावली, चारही वेळा तेच. मग इंजिन बंद करून त्याने व्हॉल्व्ह पाहिला, जाळी पाहिली, पाइप पाहिले. कुठे शेवाळाचा धागासुद्धा नव्हता.

शेवटी त्याने पंपाचं झाकण काढलं. इम्पेलर कोरा करकरीत, कालच डब्यातून काढल्यासारखा. मधल्या पितळेवर खिळ्याने कोरलेलं नाव होतं. धाकू.

ज्या बोटीचा इम्पेलर, तिच्या मालकाचं नाव कोरायची सवय धोंडिरामला मालवणात बापाने लावली होती. अक्षर त्याचंच होतं. दोघा भावांची इंजिनं एकाच मापाची. आधी त्याला हायसं वाटलं, त्याने नवाच बसवला होता. मग इतका संताप आला की हातातला पाना खाली पडला.

निलेश मान खाली घालून धक्क्यावर उभा होता. "दादाच्या बोटीतून एका फेरीपुरताच काढला होता रे. त्याच्या पंपात माझा जुना टाकला. दादाला सांगायचं राहून गेलं."

"दोन वर्सां मी माज्याच हातांका दोष देतंय," धोंडिराम म्हणाला. "चल, आता वयनीक सांग."

धाकूची बायको सुलक्षणा दारासमोर बोंबील वाळत घालत होती. गळ्यात मंगळसूत्र अजून होतं. तिने दोघांकडे पाहिलं.

निलेशने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ओठ तडकले होते, मान लालबुंद झाली होती. धोंडिरामने त्याचा दंड धरला आणि चटका बसून सोडला.

निलेशने खुणेने पाणी मागितलं.

सुलक्षणा आत जाऊन तांब्या घेऊन आली. त्याने ओंजळ पुढे केली. तिने तांब्या कलता केला. आणखी कलता केला.

मग पुरता उपडा केला.

थेंब पडला नाही.

"रिकामो आसा काय, वयनी?" धोंडिरामने विचारलं.

तिचं मनगट ओझ्याने थरथरत होतं.

"नाय," ती शांतपणे म्हणाली. "भरलेलाच हाय."