बोटीत दिवा नाही

झोप येत नाही म्हणता, तर ऐका. पण मधे उठून घरी पळायचं नाही. ही नागव्वाची गोष्ट. ती म्हातारपणी आमच्याच आळीत राहायची, आणि थापा मारायचा तिला मनापासून कंटाळा होता.

सन एकतीस. हिप्परग्याच्या तलावावर एक मोटरबोट होती. ती सांभाळायचं काम नागव्वाच्या नवऱ्याकडे, संगप्पाकडे. उन्हाळ्यात पाणी आटलं की बोट काठावर ओढून ओंडक्यांवर ठेवायची. बॅटरी मात्र बोटीतच, मागच्या खोलीत. अधूनमधून चार्ज केली नाही तर ती पार बाद व्हायची. आपल्या सोलापूरच्या उन्हात दिवसा चार्ज करायला घेतली, तर आधीच तापलेली बॅटरी उकळणार. म्हणून हे काम रात्री, आणि तेही अंधारात. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो. जवळ काडी पेटली की स्फोट. संगप्पा बायकोला बजावून ठेवायचा, "जीव गेला तरी हितं दिवा आणायचा न्हाय."

त्या चैत्रात संगप्पा तापाने गेला. ओव्हरसियर मुकुंदराव म्हणाले, "हे काही बाईमाणसाचं काम नाही. कामाबरोबर मिळालेली राहायची खोली रिकामी करा."

"त्ये गेल्यापास्नं मीच करतीया की," नागव्वा म्हणाली. "मिरगाला बोट पाण्यात घाला. बॅटरीनं इंजन सुरू झालं न्हाय, तर आपल्या पायानं जाते."

मुकुंदराव हसले, पण कबूल झाले. नागव्वाचं सगळं बिऱ्हाड आता त्या एका बॅटरीवर टांगलेलं होतं.

ज्येष्ठ वद्य अष्टमीची रात्र. सकाळी बोट पाण्यात जायची होती. नागव्वाने काठावरचं चार्जिंगचं इंजिन सुरू केलं, कंदील तिथंच ठेवला आणि बोटीत जाऊन बसली. बॅटरी किती तापली ते हाताने चाचपत राहायचं, फार तापली तर इंजिन बंद करायचं. त्यामुळे जागचं हलायची सोय नव्हती.

चंद्र उगवायचा होता.

बोट हलली.

कोरड्या जमिनीवरची बोट. कुणी चढताना हलते, तशी.

"कोन हाय?"

काठावर इंजिनाची धकधक तेवढी...

मग अगदी कानाजवळ. "नागू..."

तिला नागू म्हणणारा जगात एकच माणूस होता. पोरांनो, ती रडली. त्या आवाजासाठी ती किती झुरली होती, ते तिचं तिलाच माहीत.

"नागू... लई अंधार हाय गं. तुजं त्वांड दिसंना... कंदील आण की."

ती उठली. दारापर्यंत गेली. पलीकडे कंदील दिसत होता.

थांबली.

डोळे पुसले, माघारी आली आणि बॅटरीच्या पेटीला पाठ लावून बसली.

"तू कोन हाईस, मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "पर माजा मानूस बॅटरीपाशी दिवा मागनार न्हाय. मी हितनं हलत न्हाय. काय करायचं त्ये कर."

मग काडी ओढल्याचा आवाज. खर्र.

पेटली नाही.

खर्र... पुन्हा नाही.

पुन्हा...

नागव्वाचा हात बॅटरीवरून निघाला नाही. तोंडाने शिव्या चालू. मराठीतल्या संपल्या तेव्हा कानडीतल्या. असं पहाटेपर्यंत.

उजाडल्यावर बोट पाण्यात गेली. मुकुंदरावांनी कळ दाबली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

"खोली तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले.

"ऱ्हानारच की," नागव्वा म्हणाली.

ते बॅटरी बघायला मागच्या खोलीत वाकले आणि एकदम भडकले. "बाई, इथे काड्या ओढत होतात?"

"माज्यापाशी काडेपेटीच न्हाय, साहेब."

फळ्यांवर मूठभर काड्या पडल्या होत्या. मुकुंदरावांनी एक उचलली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांची गुलं घासून घासून झिजलेली. जळलेली एकही नाही. आणि तलावातून निघालेल्या ओल्या चिमटीत कुणी दाबून धरावी, तशी प्रत्येक काडी गुलापर्यंत ओली होती.