वाघिणीवर रांगोळी

फॉरेस्टच्या विश्रामगृहासमोर एक तरुण माणूस गुडघे टेकून बसला होता. अंगात खाकी, हातात काचेचा चौकोनी तुकडा, आणि चेहरा असा, की घरातलं कोणी आत्ताच गेलं असावं. त्याच्यासमोर सात ठिपक्यांची सुरेख रांगोळी होती.

शामला दात घासत व्हरांड्यात आली आणि थबकली. एक्क्याऐंशी सालच्या डिसेंबरातली सकाळ. सागाच्या पानांवरून दव टपटपत होतं, आणि हा माणूस स्वेटरसुद्धा न घालता जमिनीवर! शामला नागपूरला धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात नर्स होती, प्लास्टरच्या खोलीत. गुडघे टेकलेला माणूस दिसला की कुठं मोडलंय ते आधी बघायची तिला सवय होती.

"पडले का हो?"

"नाही."

"मग काही हरवलं?"

"वाघीण," तो म्हणाला.

शामलानं तोंडातला ब्रश काढला. "अन् ती तुम्ही रांगोळीत शोधून राहिले?"

"कारण ती याच्याखाली आहे. दोन पिल्लं पण."

तो उठला आणि गुडघे झटकले. नाव कृष्णकांत, हुद्दा वनपाल, राहणं पलीकडच्या चौकीत. फाटकापासून नाल्यापर्यंत त्यानं बारीक मातीची एक पट्टी केली होती. रोज संध्याकाळी ती डहाळीनं सारखी करायची आणि सकाळी वाचायची — कोण आलं, कोण गेलं. "आज सहाले पाह्यलं तं तीन जणांचे पाय. एकदम साफ! पाय उतरवाची काच चौकीत राह्यली होती, ती आणाले गेलो. अर्ध्या तासात परत येतो तं..." त्यानं काच रांगोळीकडे रोखली. "सडा. रांगोळी. वरून हळदकुंकू."

शामलाला हसू फुटलं. तिनं ते ब्रशमागं लपवलं, पण त्याला दिसलंच.

हा पराक्रम प्रयागबाईंचा, म्हणजे तिच्या मावशीचा. मावशीला उठल्याबरोबर अंगण झाडलेलं लागायचं, मग ते स्वतःचं असो की सरकारचं. आईबापाविना शामलाला तिनंच वाढवलं होतं, आणि रांगोळीची पुडी बरोबर घेतल्याशिवाय ती कुठल्याही गावाला जात नसे.

"काय झालं वं शामे?" मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "अंगण कसं कुत्र्यामांजरांनी तुडवून ठेवलं होतं! एवढं मोठं विश्रामगृह, अन् सडा टाकाले एक बाई नाही."

"मावशी, ते कुत्रे नव्हते. वाघ होता."

मावशीनं पदर खोचला. मग तिचा आवाज चढला. "बाप्पा! दारातून वाघ गेला अन् मले कोणी उठवलं नाही? वाघ पाहाले तं आली ना मी!"

खरं तर विश्रामगृहाचं परमिट दवाखान्याच्या डॉक्टरांचं होतं. कुणा अधिकाऱ्याची मांडी त्यांनी जोडली, त्याच्या ओळखीनं पेंचच्या जंगलात तीन रात्रींची सोय झाली, आणि ऐनवेळी त्यांनाच जमेना. शामलानं परमिट घेतलं, कारण तिला निवांत बसून विचार करायचा होता. येत्या रविवारी चार वाजता हिंगण्याच्या कारखान्यातला ताराचंद तिला बघायला येणार होता. स्थळ नाव ठेवण्यासारखं नव्हतं. कायम नोकरी, स्वतःची स्कूटर, सुपारीचंही व्यसन नाही. अट एकच, मुलीनं लग्नानंतर दवाखाना सोडायचा. शामला सत्तावीस वर्षांची होती. या वयात एका अटीवरून असं स्थळ मोडलं तर लोक तोंडात शेण घालतात. आणि दवाखाना सोडायला तिचं मन घेत नव्हतं. हो की नाही, ते रविवारच्या आत ठरवायचं होतं.

चहा घेताना कृष्णकांतनं आपलं दुखणं सांगितलं. नाल्यात पुढच्या आठवड्यापासून बांबूतोड सुरू व्हायची होती. तिथं पिल्लांची वाघीण आहे असं त्यानं तीनदा लिहून पाठवलं, तेव्हा वरून उत्तर आलं, पाय दाखवा. गुरुवारी दुपारी साहेब येणार होते.

"काचेवर पाय काढून चालत नाही का?" शामलानं विचारलं.

"साहेब म्हणते, काचेवर कोणीही काढन. प्लास्टरचा ठसा पाह्यजे. अन् तो..." तो कपाकडे बघत म्हणाला, "तो माझ्याच्यानं जमत नाही."

त्यानं चौकीतून एक पांढरा गोळा आणून दाखवला.

"हे काय?"

"ठसा. वाघाचा."

"मले तं आलुबोंडा वाटला."

"हसा तुम्ही."

"हसत नाही. बनवता कसं, ते दाखवा."

त्यानं डब्यात प्लास्टरची भुकटी ओतली, वरून पाणी घातलं आणि बेसन फेटावं तसं काडीनं फेटायला घेतलं. दोन मिनिटांत डब्यात नुसत्या गुठळ्या झाल्या. शामलानं कपाळावर हात मारला.

"आधी पाणी! मग भुकटी वरून सोडायची, तिची ती बुडू द्यायची, अन् मग हळू... हळू म्हटलं ना! बुडबुडा नाही झाला पाह्यजे." तिनं चिमूटभर भुकटी बोटांत चोळली. "अन् हे दमट आहे. पावसाळाभर पोतं कुठं होतं?"

"चौकीत. चौकी गळते."

"मग भाजून घ्यावं लागते."

गुन्हा आपला आहे हे मावशीला एव्हाना उमगलं होतं, त्यामुळे भाजायला तीच बसली. विश्रामगृहाचा म्हातारा खानसामा धोंडबा चुलीपाशी येऊन ओरडला, "बाई, या कढईत मी साहेबाची भाजी करतो!"

"करजो. पह्यले वाघीण तं होऊ दे," मावशी म्हणाली आणि रवा भाजावा तसा तिनं झारा चालवला.

दुपारी सराव करायचा ठरला, तर पाऊल कोणाचं घ्यायचं? कृष्णकांतनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि शेवटी शामलाच्या पायांकडे पाहून लगेच नजर वळवली. शामलानं चप्पल काढली आणि ओल्या मातीत पाय दाबला. त्यानं पुठ्ठ्याची कड लावून, जीव मुठीत धरून प्लास्टर ओतलं. ठसा पाचही बोटांसकट सुटा झाला. तो त्यानं तळहातावर घेतला आणि खाली ठेवायचं विसरला.

"हा साहेबाले नका दाखवू," शामला म्हणाली.

"नाही... हा सरावाचा आहे." त्याचे कान लाल झाले होते. शामलाला ते फार आवडलं.

त्या रात्री रांगोळीची पुडी धोंडबानं स्वतःच्या कुलपात ठेवली. बुधवारी सकाळी पट्टीवर पुन्हा तिघांचे पाय होते, आईचे मोठे, आणि मागं पिल्लांचे वाटीएवढे. नाल्याच्या काठाला जिथं ते सगळ्यात साफ उमटले होते, तिथं दोघांनी मिळून तीन ठसे ओतले. आता ते घट्ट होईपर्यंत वाट पाहायची होती. बांबूच्या आडोशाला दोघं बसले, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"तुमचा हात कसा हलत नाही?" त्यानं विचारलं.

"रोजचं काम आहे. माणूस ओरडत असते, शिव्या देत असते. आपला हात हलला तं त्याचं हाड वाकडं बसते, जन्मभरासाठी. मग कोणी सहा महिन्यांनी चालत येते, पेढे घेऊन... मले आवडते ते."

"दिसते."

"पण सोडावं लागन बहुतेक."

आणि मग तिनं त्याला सगळं सांगून टाकलं, ताराचंद, स्कूटर, रविवार, अट. सांगून झाल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं काय म्हणावं हे तिला नेमकं सांगता आलं नसतं, पण काहीतरी म्हणावं असं फार वाटत होतं.

कृष्णकांत काडीनं मातीत रेघा ओढत राहिला. "चांगलं स्थळ आहे," तो म्हणाला.

"हाव ना," शामला म्हणाली. "स्कूटर आहे."

तिला राग आला होता. दोन दिवसांच्या ओळखीत असा राग येण्याचा आपल्याला काय हक्क, म्हणून आणखीच आला.

तेवढ्यात वरून वानर खोकलं, वाघ दिसल्यावर खोकतं तसं. कृष्णकांतनं ओठांवर बोट ठेवलं. पलीकडच्या काठावर बांबू हलला आणि वाघीण बाहेर आली. कसलीही घाई नाही. ती नाल्यात उतरली, मागून एक पिल्लू धडपडत उतरलं, मग दुसरं. शामलानं कधी कृष्णकांतचं मनगट धरलं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिघं वर चढली, आणि नाला पुन्हा रिकामा झाला.

"गेली," तो पुटपुटला.

शामलाचा हात तिथंच होता. तिची बोटं, सवयीनं, बरोबर नाडीवर पडली होती.

"फार जोरात चालून राहिली तुमची नाडी," ती म्हणाली.

"वाघीण होती ना..."

"वाघीण गेली."

यावर त्यानं काही बोलायला हवं होतं. साधारण बुद्धीचा माणूस बोलला असता. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "ठसे सुटे करू?"

विश्रामगृहावर मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वाघ दिसल्याचं तिला सांगायचं नाही, असं दोघांनी न बोलताच ठरवलं. सांगितलं असतं तर ती आणखी आठ दिवस हलली नसती.

गुरुवारी सकाळी साहेब यायच्या आत पाहुण्यांना निघायचं होतं. कृष्णकांतनं पिशवी उचलून एस.टी.पर्यंत आणली, मावशीला आत बसवलं, खिडकीपाशी उभा राहिला. शामलानं त्याला पुरेसा वेळ दिला. कंडक्टरनंही दिला, कारण ड्रायव्हर चहाला गेला होता.

"सावकाश जा," कृष्णकांत म्हणाला.

पारशिवनी मागं पडल्यावर मावशी म्हणाली, "पोट्टा भला आहे. पण तोंडात मिठाची गुळणी धरून बसला." शामलानं मनाशी ठरवलं होतं, रविवारी हो म्हणायचं. ज्याला काही बोलायचंच नाही त्याच्यासाठी चांगलं स्थळ मोडायला ती काही वेडी नव्हती. ठरवलं, आणि नागपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर तोंड करून रडली.

शनिवारी दुपारी ती वामनरावांच्या पायाला प्लास्टर घालत होती. काटोलकडचे हे आजोबा बैलगाडीवरून पडले होते. शेवटची पट्टी गुंडाळून झाली होती आणि आता ते बसेपर्यंत पाय दोन्ही हातांनी नीट धरून उभं राहायचं होतं. दारात कोणी आलं म्हणून तिनं मान वळवली. कडक इस्त्रीच्या खाकीत कृष्णकांत उभा होता.

"कुठं मोडलं?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही. गेटवर पेशंट आहे म्हणून सांगतलं."

"साहेब आले?"

"आले. पिल्लाचा ठसा हातात घेऊन बसून राह्यले. नाल्यातली तोड या वर्षी बंद."

"चांगलं झालं." तिला खरंच आनंद झाला. तरी ती म्हणाली, "हे कार्डावर लिहून पाठवता आलं असतं."

"हाव," तो म्हणाला, आणि थांबला.

वामनरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बोलून टाक गा पोट्ट्या. हिचे हात अडकले आहेत, ती कुठं जात नाही. मी पण नाही."

"बुधवारी मी खोटं बोललो," कृष्णकांत म्हणाला.

"काय खोटं?"

"चांगलं स्थळ आहे म्हटलं ते. मले ते बिलकुल चांगलं वाटलं नाही."

"काहून?"

"कारण मले तुम्ही पाह्यजे." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "अन् तुमाले हे काम पाह्यजे. ते सोडू नका, कोणासाठीच नका सोडू. पारशिवनीच्या सरकारी दवाखान्यात नर्सची जागा रिकामी आहे. काल सायकलनं जाऊन विचारून आलो. ते नसन आवडत तं इथंच राहा, मी दर शनिवारी येत जाईन. माझ्याकडं स्कूटर नाही... एस.टी. आहे."

शामलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. इतकी वर्षं बघायला आलेल्या प्रत्येकानं पगार विचारला होता, रंग पाहिला होता, कामाचं कोणी नावही काढलं नव्हतं. हा माणूस काल सायकल मारत जाऊन तिच्यासाठी जागा विचारून आला होता. तिला तो आवडत होता, पहिल्या सकाळपासून, आणि आता ते स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"आजोबा, हलू नका," ती कशीबशी म्हणाली.

"मी कुठं हलून राहिलो?" वामनराव म्हणाले. "तूच हलून राहिली वं."

तिनं हात घट्ट केले, पाय सरळ धरला, आणि प्लास्टर पुरतं बसल्यावरच सोडला. मग डोळे बाहीला पुसले.

"ताराचंदच्या घरी आज संध्याकाळी मी स्वतः जाते अन् नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "मावशीनं पोहे आणून ठेवले आहेत. शेजाऱ्यांना पण सांगून ठेवलं आहे. तुम्ही उद्या चारला या."

कृष्णकांतनं जोरजोरात मान हलवली. दारापर्यंत गेला आणि परत वळला. "एकटाच येऊ?"

"आईले घेऊन या," शामला म्हणाली. "बघायचा कार्यक्रम आहे."