हात खाली ठेवा

"वर मी दाढ काढतोय आणि खाली कुणीतरी किंचाळतंय. पेशंट माझ्याकडेच संशयाने बघतो हो…"

दारात वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर उभा होता, हातमोजे न काढताच आलेला. किंचाळणारी म्हणजे ती. भांडायला उघडलेलं तिचं तोंड त्याला बघून तसंच मिटलं.

पियानोवर बसलेल्या तिच्या मावशीला मात्र त्याचा आवाज आवडला. "खर्ज चांगला आहे. बायका चिक्कार आहेत आमच्या गाण्याच्या गटात, पुरुष मिळत नाहीत. गुरुवारी या."

तो आला. मग येतच राहिला. तालमीच्या मधल्या वेळात परगावच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या नोकरीबद्दल भरभरून सांगायचा.

एका जुन्या संगीत नाटकातली गाणी कार्यक्रमात म्हणायची परवानगी तिनेच खेटे घालून मिळवली होती. अट एकच – गाणी नुसती उभं राहून म्हणायची. वेशभूषा, संवाद, अभिनय, काही केलं की ते नाटक झालं, आणि नाटक करायचं तर लेखकाच्या मुलीची वेगळी परवानगी. ही मुलगी तर कार्यक्रमाला पहिल्या रांगेतच बसणार होती. त्यामुळे तालमीत तिचं एकच पालुपद – हात खाली ठेवा. सगळे तिला फौजदार म्हणायचे.

"हात खाली. आणि डोळ्यांचं काय, फौजदार?" एकदा त्याने विचारलं.

"भिंतीवरच्या घड्याळाकडे."

"ते तुमच्याच मागे आहे… बघतोच आहे मघापासून."

ती कागदात तोंड खुपसून हसली. घरी जाताना मावशी म्हणाली, "आज तुझा सूर दोनदा चढला."

कार्यक्रमाच्या दिवशी मध्यंतराआधी त्यांचं युगुलगीत होतं. शेवटची ओळ संपता संपता त्याने हळूच हात पुढे केला, तिच्याकडे. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान वर केली. तिने गाण्याचे कागद दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि समोर बघत राहिली. टाळ्या पडल्या. त्याने हात मागे घेतला.

कार्यक्रम संपल्यावर लेखकाची मुलगी विंगेत आली. "छान म्हटलंत. पण त्यांनी हात पुढे केला तर धरायचात की. एवढ्याने काय नाटक होतं?"

ती हसली खरी, पण आतून चरकली. बाई गेल्यावर त्याच्याकडे वळली. "बघा, उगाच घाबरवलंत मला. अभिनय करू नका म्हणून किती वेळा सांगितलं होतं?"

"अभिनय नव्हता तो." तो माइकची वायर गुंडाळत होता. "त्या मोठ्या दवाखान्याने आज उत्तर मागितलं होतं. लांब आहे तो… जायचं की नाही, ठरत नव्हतं. म्हटलं, हिने हात धरला तर इथेच राहायचं. तोंडाने विचारायचं धाडस झालं नाही."

"मग?"

"मध्यंतरात हो म्हणून टाकलं."

तिला म्हणायचं होतं, मग आता नाही म्हणून सांग. पण त्या दवाखान्याविषयी बोलताना त्याचे डोळे कसे चमकायचे, ते तिने महिनोन्महिने घड्याळाखाली उभं राहून पाहिलं होतं.

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. "विचारलं असतंस ना, तर मी हो म्हटलं असतं. तुला माहीत असावं… म्हणून सांगते."

तो वायर गुंडाळायचा थांबला.

बाहेरून मावशीची हाक आली, "चला गं, हॉल बंद करतायत."

"आलोच," दोघं एकदमच म्हणाली, आणि दोघांपैकी कुणीच निघालं नाही.