चेहऱ्याचा उपास

“एकवीस दिवस चेहऱ्याला कडकडीत उपास घडव. हसायचं नाही, रडायचं नाही, कपाळाला आठीसुद्धा नको,” नाटक शिकवणाऱ्या नलूताईंनी बजावलं होतं.

शाल्मलीने ते व्रतासारखं पाळलं. आज एकोणिसावा दिवस. पठारावरच्या मुखरेखन केंद्रात ती चाचणीला बसली होती. खिडकीबाहेर धुकं होतं; तेच हळूहळू आपल्या चेहऱ्यावर उतरून आलंय, असं तिला वाटत होतं. परवा तिचं छायाचित्र. दिग्दर्शक त्यावरूनच नटनट्या निवडत, आणि पुढची तारीख थेट पाच वर्षांनी.

“निर्मळ! फ्रान्सिस, वरचा थर पाहिलास?” डॉ. हेमलता गोकर्ण म्हणाल्या.

“साफ गेलाय, मॅडम,” कॅमेऱ्यामागून फ्रान्सिस म्हणाला.

“म्हणजे काय हो?” नणंद वसुधाने विचारलं. ती आजच गावाहून आली होती. शाल्मलीची नऊ महिन्यांची रेवा तिच्या मांडीवर होती.

“प्रत्येक भाव स्नायूंत खूण सोडतो,” डॉक्टर म्हणाल्या. “नव्या खुणा उथळ असतात. वापरल्या नाहीत, तर तीन आठवड्यांत पुसतात. वर्षानुवर्षांच्या खोल खुणा मात्र राहतात. आमचा भावलेखी कॅमेरा चाचणीत दोन्ही दाखवतो; छायाचित्रात फक्त खोल खुणा हव्यात. नटाचा खरा ऐवज तोच.”

“म्हणजे वहिनी आतून हसतायत म्हणा! सकाळपासून माझे तीन विनोद वाया गेलेत. आणि ही लेकही आईवरच गेलीय. गाडीत इतकी तोंडं वेडावली, पण ढिम्म. गुणाची पोर!”

“बघू छोट्या नटीचं,” म्हणत फ्रान्सिसने कॅमेरा रेवाकडे वळवला.

पडदा कोराच राहिला. त्याने वायरी हलवून पाहिल्या. “बिघडला वाटतं.”

“बिघडलेला नाही.” डॉक्टरांचा आवाज उतरला. “शाल्मली, घरी कोण असतं?”

“आम्ही दोघीच. हे बोटीवर असतात.”

“तान्ह्या मुलाला खोल खुणा नसतात गं, सगळ्या उथळच. समोरच्या चेहऱ्यावरूनच ते भाव शिकतं. एकोणीस दिवस तिला समोर कोरा चेहराच दिसलाय.”

शाल्मलीला रडू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचेना.

“तिचं हसू परत येईल?”

“येईल. पण आजपासूनच. सतत समोर हसरा चेहरा हवा.”

“मी आहे की! वहिनी, तुम्ही खुशाल फोटो काढा,” वसुधा म्हणाली.

“तुम्ही तिला आज भेटताय. ती वाचते तो चेहरा आईचा.”

“मग परवाची तारीख ठेवू ना?” फ्रान्सिसने हळूच विचारलं.

शाल्मलीने मान हलवली. नाही. तिने रेवाला उचललं, कपाळाला कपाळ टेकवलं. “दिवस मावळायच्या आत तुला हसवीन, बाळा. शब्द दिला.”

ती बाहेर धुक्यात गेली, पायरीवर बसली. रेवाला गुडघ्यांवर समोर धरलं, आणि ताठरलेल्या ओठांचा एक कोपरा उचलायला सुरुवात केली.